पोत्यात पंचवीस लाख

परिपाठाला आमच्याकडं रोज दोन पोरं बातम्या वाचतात. पेपरातल्या पाच-सहा हेडलाइन आदल्या दिवशी वहीत उतरवून आणायच्या, प्रतिज्ञा-सुविचार झाले की माइकसमोर उभं राहायचं आणि एका दमात वाचून मोकळं व्हायचं. पावसाळ्याचे सुरुवातीचे दिवस, मैदानात चिखल म्हणून व्हरांड्यातच ओळी लावलेल्या, माइक नेहमीसारखा खरखर करत होता, आणि आठवीतल्या एका मुलीनं वाचलं, "सिंचन प्रकल्पांसाठी आठ हजार रुपयांची तरतूद." वहीत आठ हजार कोटी होतं, मी नंतर बघितलं, वाचता वाचता तिनं कोटी गिळला होता. गोष्ट तशी बारकीच. पण मला खटकलं ते हे की एवढी पोरं, एवढे शिक्षक उभे, आणि एकाच्याही कपाळाला आठी नाही, कुणी हसलं नाही, कुणी शेजारच्याला कोपरानं ढोसलं नाही. पुढची बातमी क्रिकेटची होती, तिच्यात एका बॅट्समनचे रन चुकले तर मागच्या रांगेतनं लगेच आवाज आला, "पंच्याऐंशी नाय, अठ्ठ्याऐंशी!"

तासाला वर्गात गेल्यावर मी विचारलं, आठ हजारात काय येतं रे? सायकल येते. साधा मोबाईल येतो. एक म्हणाला शेळी नाय येत, करडू येतं. मग म्हणलं, कालवा येतो का? वर्ग हसला. ती मुलगी मात्र हसली नाही, जरा रागातच म्हणाली, "पण मॅडम, दोन्ही लय पैसेच की."

दोन्ही लय पैसेच की.

हे वाक्य काही डोक्यातनं जाईना. कारण त्या पोरीला स्थानिक किंमत येत होती हो. एकक दशक शतक, लक्ष, दशलक्ष, कोटी, सगळं तोंडपाठ, नऊ अंकी संख्या अक्षरात लिहायला द्या, स्वल्पविरामासकट बरोबर लिहील. तिला शून्यं मोजता येत होती, पण त्या शून्यांचं वजन तिच्या हाताला कधी लागलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कुणाच्या लागलेलं असतं? आपण मोठी माणसं 'लाख कोटीचं पॅकेज' ऐकतो आणि भाजी चिरत राहतो. हजाराच्या वर गेलं की आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात एकच खाना असतो, 'लय' नावाचा, आणि त्यात सगळं भरून टाकलेलं असतं.

त्या दिवशी फळ्यावर सेकंदांचा हिशोब करून बघितला. आठ हजार सेकंद म्हणजे २ तास १३ मिनिटं, एक पिक्चर. आठ हजार कोटी सेकंद म्हणजे किती, आधी अंदाज सांगा म्हणलं तर कुणी महिना म्हणालं, कुणी वर्ष, एका धाडसी पोरानं शंभर वर्षं सांगितली आणि बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. भागाकार करत गेलो, साठनं, परत साठनं, चोवीसनं, तीनशे पासष्टनं, आणि उत्तर आलं अडीच हजार वर्षं. गौतम बुद्धांचा काळ. वर्गात एकदम आवाज झाला, मला वाटलं समजलं. पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर निम्म्यांना ते अडीच लाख आठवत होतं आणि उरलेल्यांना अडीचशे. सेकंद हातात धरता येत नाही ना. फळ्यावरचं आश्चर्य फळा पुसला की जातं, हे मास्तरकीच्या नोकरीत कळलेलं एक सत्य आहे आणि ते दरवर्षी नव्यानं कळतं.

मग तांदूळ काढला.

शालेय पोषण आहाराचं पोतं शाळेत असतंच, ५० किलोचं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना आधी मस्का लावावा लागला, "मोजा काय मोजायचं ते, पण एक दाणा जमिनीवर दिसला तर मी वरडणार बगा." पोरांचे गट केले, प्रत्येक गटापुढं वर्तमानपत्र पसरलं आणि सांगितलं, आधी वहीच्या मागच्या पानावर लिहा, या एका पोत्यात तांदळाचे दाणे किती असतील. पेननं लिहा. तर पोरं लिहीनात. नुसती एकमेकांच्या वह्यात बघायला लागली. एकीनं विचारलं, "मॅडम, चुकलं तर मार्क जाणार का?" म्हणलं मार्कच नाहीत याला. तरी विश्वास नाही. शेवटी लिहिलं त्यातला सगळ्यात छोटा आकडा पन्नास हजार होता आणि सगळ्यात मोठा शंभर कोटी. एकाच पोत्याकडं बघून. मधे वीस हजार पटींचा फरक, आणि दोन्ही पोरं एकाच बाकावर बसणारी.

आता पोतं कोण मोजणार, म्हणून प्रत्येक गटानं हजार दाणे मोजायचे. दहा-दहाच्या ढिगल्या, दहा ढिगल्यांचा एक शंभर, असे दहा शंभर. सोपं वाटतं, बसून बघा. पंखा बंद करायला लागला कारण दाणे उडत होते, कुणी शिंकलं की त्याला शिव्या, ओल्या बोटाला दाणा चिकटतो, तुकडा आला तर धरायचा का सोडायचा यावर भांडणं. (तुकडा अर्धा धरायचा, असा ठराव झाला. पोरांनीच केला, मला विचारलंसुद्धा नाही.) हजार व्हायला जवळजवळ अख्खा तास गेला आणि हजाराबद्दल पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर जरा आदर दिसला. मग किराणा दुकानातला डिजिटल काटा आणला होता त्यावर ठेवले, कुणाचे १९ ग्रॅम, कुणाचे २१. धरा वीस. हजाराला वीस ग्रॅम, म्हणजे लाखाला दोन किलो, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात २५ लाख. एक कोटी दाण्यांना चार पोती.

याच्यात एक गोष्ट मी ठरवलेली नव्हती. तांदळात मधेच काही दाणे वेगळे दिसतात, जरा जास्त पांढुरके, एकसारखे. गावात त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतात, काही आया तर निवडून फेकून देतात. ते प्लास्टिक नाही, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून दाण्याच्या आकाराचं बनवलेलं असतं, शंभर किलोला एक किलो या हिशोबानं मिसळतात. हे मी आधी सांगितलं असतं तर पोरांनी ऐकून सोडून दिलं असतं. पण हजार दाणे एकेक करून बोटाखालनं गेल्यावर एका गटानं आपणहून सांगितलं, "मॅडम, आमच्यात असले सात घावले." दुसऱ्यात तेरा. तिसऱ्यात दहा. सगळ्यांचे मिळून सरासरी काढली तर दहाच्या आसपासच आली, आणि मग मी शंभराला एक सांगितलं. तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते, सरकारी गोष्ट खरी निघाल्याचा आनंद पोरांना क्वचितच मिळतो. अख्ख्या पोत्यात असले किती? पंचवीस हजार. हे गणित कुणीतरी मी विचारायच्या आधी करून ठेवलं होतं.

मागच्या बाकावरचा एक जण, ज्याला गणित म्हणलं की लघवीला लागते, तो म्हणाला आपण रोज किती दाणे खातो? सहावी ते आठवीच्या पोराला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, म्हणजे साडेसात हजार दाणे. वर्षाला शाळेचे दोनशे दिवस धरले तर पंधरा लाख. तीन वर्षांचे पंचेचाळीस लाख. "म्हंजे अर्धा कोटी मी खाल्लाय की ओ," असं म्हणून त्यानं शर्ट वर करून पोटावर हात फिरवला. जवळजवळ अर्धा, म्हणलं. "जवळजवळ" हा शब्द गणिताच्या तासाला मी इतक्या प्रेमानं कधी वापरला नव्हता.

दोन गोष्टी मात्र नंतर वह्या तपासताना दिसल्या. मागच्या पानावरचे अंदाज बऱ्याच जणांनी बदलले होते. पेननं लिहिलेले, तरी ब्लेडनं खरडून, व्हाइटनर लावून, पन्नास हजाराचे पंचवीस लाख केलेले. एका वहीत तर 'अंदाज : २५ लाख, उत्तर : २५ लाख' असं लाल रेघ मारून सुबक लिहिलेलं. मला हसू आलं आणि जरा पोटात ढवळलंही. आठ वर्षं आम्ही या पोरांना काय शिकवलं तर अंदाज म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे खोडायची वस्तू. आणि दुसरी गोष्ट, एक पालक येऊन गेले. फार सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, पोरं तांदूळ मोजत बसल्यात म्हणं, शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आलीया." त्यांचंही चुकत नाही. त्या पेपरात चार पर्याय असतात आणि त्यातला एक काळा करायचा असतो, जवळजवळ बरोबर असा गोल तिथं नसतो.

गंमत म्हणजे हेच गृहस्थ द्राक्षवाले. तासगाव-पलूसच्या आमच्या या पट्ट्यात बागायतदार माणूस अंदाजावरच जगतो. व्यापारी बागेत येतो, दोन ओळींतनं फिरतो, एखाद्या घडाला खालनं हात लावतो आणि म्हणतो इतके टन. मालक मनात म्हणतो नाही, तितके. दोघांनीही काही मोजलेलं नसतं आणि लाखांचा सौदा त्यावर होतो. माझी आजी चिपट्या-मापट्यानं ज्वारी घालायची, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि खळ्यावरच्या राशीकडं नुसतं बघून सांगायची किती मण भरेल. ती शाळेत गेली नव्हती. मी गेले, डी.एड. बी.एड. केलं, आणि मला राशीकडं बघून काहीच सांगता येत नाही, गूगलला विचारावं लागतं.

मधल्या काळात दिवाळी आली आणि एका मुलीनं अनारसे आणले, वर खसखस. साहजिकच प्रश्न आला. खसखशीचा हजार दाणा वजनकाट्याला कळतसुद्धा नाही, ग्रॅमचा तिसरा हिस्सा वगैरे भरतो, त्या हिशोबानं एक कोटी खसखस तीन किलोच्या पिशवीत मावते. तांदळाची चार पोती आणि ही पिशवी, दोन्ही एक कोटी. यावर पोरं बराच वेळ गप्प होती. मी त्यांना आर्किमिडीजचं सांगितलं, की त्यानंही खसखसच धरली होती. अख्ख्या विश्वात वाळू भरली तर किती कण लागतील हे काढायला त्यानं सुरुवात केली ती एका खसखशीत वाळूचे जास्तीत जास्त दहा हजार कण मावतील असं धरून, आणि चाळीस खसखशी ओळीनं ठेवल्या की बोटाची रुंदी. तिथनं एकावर त्रेसष्ट शून्यं एवढ्यापर्यंत गेला. "त्यांच्यात अनारसे करत होते का?" हा पुढचा प्रश्न होता. तो मी सोडून दिला.

जानेवारीत शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर त्या सभ्य पालकांच्याच बागेत गेलो. माणिक चमनची बाग, मणी पाणी भरायला लागलेले, औषधाचा वास, खाली वाळलेली पानं. प्रश्न एकच : या एका एकरात द्राक्षाचे मणी किती? अंदाज यावेळी पेननं लिहून वह्या माझ्याकडं जमा. पोरं लगेच बांधाकडेच्या, घडांनी लगडलेल्या वेलीकडं पळाली. मी अडवलं, चिठ्ठ्या टाकायच्या, ओळ नंबर आणि वेल नंबर, जी येईल ती मोजायची, वाळकी आली तरी. यावर खूप कुरकुर झाली. तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या डॉ. पां. वा. सुखात्म्यांचं सांगितलं. तलाठी-कृषी सहायक येऊन शेतात दोरीनं चौकोन आखून पीक कापणी प्रयोग करतात तो पोरांनी बघितलेला असतो, त्याच्यामागचं शास्त्र बसवणाऱ्यांपैकी हे एक. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की चौकोन फार छोटा घेतला की उत्पन्न हमखास जास्त दिसतं, कारण रेषेवरचं रोप आत धरायचं का बाहेर असा प्रश्न आला की माणसाचा हात त्याला आत ओढतो. लबाडी नसते त्यात. भरलेलं कणीस सोडवत नाही. पोरांना हे लगेच पटलं, तांदळाच्या तुकड्यांवरनं भांडलेली पोरं ती.

ओळीत नऊ फूट, वेलीत पाच फूट, म्हणजे एका वेलीला ४५ चौरस फूट आणि एकराच्या ४३,५६० चौरस फुटात ९६८ वेली. चिठ्ठीत आलेल्या वेलींवर घड मोजले, कुठं २६, कुठं ४४, सरासरी ३५ धरली. घडाचे मणी मोजायला बसलो तेव्हा शेजारच्या ओळीत काम करणाऱ्या एक मावशी, पोरीचीच आई निघाल्या एका, त्या लांबनंच म्हणाल्या, "शंभर असतील. मीच विरळणी केलीया, शंभराच्या वर ठिवतच नाही." मोजले. ९४, १०७, १०१. ती पोरगी आपल्या आईकडं अशी बघत होती की बस. नऊशे अडुसष्ट गुणिले पस्तीस गुणिले शंभर, जवळजवळ चौतीस लाख मणी. तीन एकर असले की एक कोटी. मग पोरीनं विचारलं बरोबर कशावरनं, हा प्रश्न मला तांदळाच्या वेळी कुणी विचारला नव्हता. एक मणी साधारण तीन ग्रॅमचा, चौतीस लाख मणी म्हणजे दहा टन. मालकांचे वडील बांधावर बसलेले, त्यांना विचारलं, आजोबा, किती निघंल एकरी? त्यांनी मानही वळवली नाही. "धा."

पोरं नाचली. मला मात्र आजोबांचा थोडा रागच आला.

या सगळ्याचं पुढं काय होतं ते नेमकं सांगता येत नाही, कारण पोरांनी परीक्षेत फार दिवे लावले असं काही झालं नाही. पण आमच्या भागात मोठे आकडे नुसते पेपरात नसतात, ते दरवर्षी जुलै-ऑगस्टला नदीतनं येतात. इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा क्युसेक आणि टीएमसी हे शब्द माहीत असतात. कोयना १०५ टीएमसी, सांगलीच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, हे घराघरात पाठ. पण क्युसेक म्हणजे काय तर परत तेच, लय पाणी. म्हणून आम्ही प्लायवुडचा एक फूट लांब, रुंद, उंच असा खोका केला, आतनं प्लास्टिक लावलं आणि नळाच्या बादलीनं भरला. दोन बादल्या, २८ लिटर. हा एक घनफूट. सेकंदाला असा एक खोका समोरनं गेला की एक क्युसेक. एक लाख क्युसेक म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत असले लाख खोके. आणि टीएमसी म्हणजे शंभर कोटी खोके, लाख क्युसेकनं सोडलं तर एक टीएमसी जायला पावणेतीन तास. भरलेल्या कोयनेतनं पन्नास हजारानं पाणी सोडत राहिलं आणि वरनं थेंबही आला नाही तर धरण रिकामं व्हायला चोवीस दिवस. हे कळल्यावर पूर आला की फिरणारे ते 'दोन तासांत कोयना रिकामी करणार' छाप मेसेज पोरं आपली आपण निकालात काढायला लागली, हे मी ऐकलंय.

पण एक पोरगा आहे, नदीकाठच्या गल्लीतला. २०१९ ला दुसरीत असेल. त्यानं विचारलं, "मॅडम, आमच्या घरात किती खोकी आलती?" घर केवढं? वीस बाय पंधरा. पाणी किती? त्यानं उडी मारून भिंतीला हात लावून दाखवला, सहा फूट. अठराशे घनफूट. अठराशे खोके, छत्तीसशे बादल्या. मग त्यानं स्वतःच भागाकार केला, मी सांगितलेला नव्हता. लाख क्युसेकची नदी, आणि त्यातले अठराशे. एका सेकंदाचा पन्नासावा हिस्सासुद्धा नाही. तो बराच वेळ वहीकडं बघत बसला. टीव्ही, कपाट, आजीचा पलंग, वह्यापुस्तकं, भिजलेला गहू, हे सगळं ज्यानं नेलं ते नदीच्या डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन गेलं होतं. हे त्याला दाखवून मी बरं केलं का वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"पण मॅडम," तो शेवटी म्हणाला, "ते पाणी आठ दिवस हललंच नव्हतं. आणि चिखल?"

चिखलाचं काय? चिखल किती होता? शेजारचा म्हणाला चार बोटं. ज्याचं घर होतं तो म्हणाला जास्त होता, माझा पाय रुतत होता. पाय तेव्हा केवढा होता तुझा, असं तिसरा. चार बोटं म्हणजे तीन इंच, तीनशे चौरस फुटाला पंचाहत्तर घनफूट, पाऊण ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तो तर सगळ्यांना माहीत, वाळू-मुरूम त्यावरच मिळतो, ट्रॅक्टरची एक ट्रॉली म्हणजे साधारण एक ब्रास. म्हणजे तुमच्या घरातनं एक ट्रॉलीसुद्धा भरली नसंल, असा वर्गाचा निकाल झाला. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आत दारातच उभा. "मॅडम, बापू म्हणत्यात दोन ट्रॉल्या काढल्यात. भाडं दिलंया त्यांनी, लक्षात हाय त्यांच्या." दोन ट्रॉल्या, दोनशे घनफूट, भागिले तीनशे. आठ इंच. "चार बोटं नव्हता," तो त्या शेजारच्याला म्हणाला, "वीतभर होता, मी सांगत हुतो." शेजारचा म्हणाला ट्रॉल्या शिगोशीग भरल्या होत्या का सपाट, ते विचार आधी बापूंना.